कंपाउंडचा डबा उघडण्याआधी

भाऊ, फिकी पडलेली गाडी चमकवायला कंपाउंडची, म्हणजे रंग घासून उजळवणाऱ्या पेस्टची, घाई नको. परभणीच्या उन्हात वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी फिकी दिसते, त्यात बराचसा वाटा रंगावर बसलेल्या मळाचा आणि बोअरच्या जड पाण्याच्या डागांचा असतो.

सकाळी, बॉनेट गार असताना, सावलीत कार शाम्पूने धू. बादल्या दोन घे: एक फेसाची, दुसरी फडकं खळबळायला. काळ्या मातीतला एक खडा फडक्यात राहिला तरी ओरखडे उठतात. कपड्याची पावडर नकोच. पाणी अंगावर वाळायच्या आत पुसून घे. मग पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवरून फिरव. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रुतलेला मळ ओढून काढणारी मऊ वडी, आण.

त्यानंतर कंपाउंड, आधी वीतभर जागेवर, हाताने, हलक्या दाबाने. फडक्यावर गाडीचाच रंग उतरला तर वर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नाही; जपून घास. असला तरी तो साधारण 40-50 मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, आणि कडांवर आणखी पातळ. पापुद्रे सुटले असतील तर पॉलिशवर पैसे घालू नकोस, तिथे रंगच मारावा लागतो.

शेवटी वॅक्सचा हात. आपल्याकडच्या उन्हात तो दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लाव.