ताऱ्यांचं रसायन शिकायचंय, पण पदवी कशात घेऊ?

प्रश्न : मी बारावीत आहे. रसायनशास्त्र माझा सर्वांत आवडता विषय. तारे कोणत्या मूलद्रव्यांचे बनलेले असतात हे वाचल्यापासून त्यातच काम करावंसं वाटतं. पण सगळे म्हणतात, खगोलशास्त्र हवं असेल तर रसायनशास्त्र विसर. आईबाबांना नोकरीची काळजी वाटते. मी काय करू?

उत्तर : पदवीला भौतिकशास्त्र मुख्य विषय घे आणि गणित सोडू नकोस. मात्र ‘रसायनशास्त्र विसर’ हा सल्ला अजिबात मानू नकोस.

ताऱ्याचा नमुना परीक्षानळीत घेता येत नाही, आपल्यापर्यंत पोहोचतो तो त्याचा प्रकाश. प्रत्येक मूलद्रव्य वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगांनुसार विभागल्यावर मिळणाऱ्या पट्ट्यात, ठरावीक तरंगलांबीच्या रेषा उमटवतं, हे १८५९-६० च्या सुमारास किरखॉफ आणि बन्सेन यांनी दाखवलं. त्यातले बन्सेन रसायनशास्त्रज्ञ होते. सूर्यावर सोडियम आहे, लोह आहे, हे त्यामुळे कळलं. पण किती आहे, हे कळायला पुढची सहा-सात दशकं गेली. रेषा ठळक दिसते म्हणून ते मूलद्रव्य भरपूर असेलच असं नाही, ही खरी अडचण होती.

ती सोडवायचा मार्ग भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये दिला आणि त्यासाठी त्यांनी वापरलं ते रासायनिक समतोलाचं गणित! अणूतून इलेक्ट्रॉन सुटणं ही दोन्ही दिशांनी चालणारी अभिक्रिया आहे असं मानून, ठरावीक तापमानाला आणि दाबाला किती अणू आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले, असतील हे त्यांनी समीकरणात मांडलं. समतोलाच्या ज्या धड्यातली उदाहरणं तू सध्या सोडवत असशील, त्याच विचाराने ताऱ्यांचे वर्णपट उलगडले.

या समीकरणाच्या आधारे खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात ताऱ्यांमधल्या मूलद्रव्यांची प्रमाणं काढली. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन तापमानाचा. तिथे कॅल्शियमचे बहुतेक अणू एकेक इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, म्हणून त्याच्या रेषा इतक्या ठळक. हायड्रोजनच्या दृश्य रेषांसाठी मात्र इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या ऊर्जापातळीवर असावा लागतो आणि या तापमानाला असे अणू अत्यल्प. तरीही त्या रेषा स्पष्ट दिसतात, म्हणजे हायड्रोजन प्रचंड असला पाहिजे. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ रसेल यांना हे पटलं नाही, तेव्हा पेन यांनी प्रबंधात हा आकडा बहुधा खरा नसावा असं लिहिलं. १९२९ मध्ये रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला आले. आज आपण जाणतो की सूर्याच्या बाह्य थरांत वस्तुमानाने सुमारे ७४ टक्के हायड्रोजन, २५ टक्के हेलियम आणि उरलेल्या एक-दीड टक्क्यात बाकी सगळं आहे. त्यातल्या ऑक्सिजनच्या नेमक्या प्रमाणावर अजून वाद चालू आहे, तेव्हा तुझ्यासाठी काम शिल्लक आहे! या पेन केंब्रिजला गेल्या तेव्हा वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकत होत्या, हेही घरी सांग.

आता आईबाबांच्या काळजीबद्दल. ती रास्त आहे. पदवी, पदव्युत्तर, मग पीएच.डी., असा हा लांबचा रस्ता आहे. संशोधनातल्या कायम जागा थोड्या आणि स्पर्धा तीव्र. पण वर्णपटाचं विश्लेषण औषधनिर्मितीत, धातूंच्या तपासणीत, न्यायवैद्यक प्रयोगशाळेतही लागतं. शिवाय वर्णपटांचा ढीग हाताळताना शिकलेलं प्रोग्रामिंग आणि संख्याशास्त्र कुठेही उपयोगी पडतं. म्हणून पदवीच्या पहिल्याच वर्षी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घे. रेणूंकडेच ओढा राहिला तर ताऱ्यांच्या दरम्यानच्या अवकाशातल्या वायूच्या मेघांतल्या रसायनाचा अभ्यास करणारी शाखाही आहे. तिथे रसायनशास्त्राची पदवी घेऊनही जाता येतं.

परीक्षा संपली की एक काम कर. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या आकाश-सर्वेक्षण प्रकल्पाने लाखो वर्णपट सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. सूर्यासारख्या एका ताऱ्याचा आणि अभिजितसारख्या, दहा हजार केल्विनच्या आसपासच्या एका ताऱ्याचा वर्णपट काढ. कॅल्शियमच्या रेषा ३९३.४ आणि ३९६.८ नॅनोमीटरपाशी, हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.३ पाशी. दोन्ही ताऱ्यांच्या आलेखांत या रेषांच्या खळग्यांची खोली का बदलते, ते साहांच्या समीकरणाने आणि वर सांगितलेल्या ऊर्जापातळीच्या मुद्द्याने स्वतःला समजावून पाहा. या क्षेत्रातले बहुतेक दिवस असेच आलेखांसमोर जातात, दुर्बिणीपाशी फार थोडे. त्यात तू रमलीस तर प्रवेश अर्जात भौतिकशास्त्र पहिल्या पसंतीला लिही. कंटाळलीस तर रसायनशास्त्राची पदवी घे. तोही निर्णय तितकाच योग्य असेल.