वाचकांचे प्रश्न : चकाकणारी निम्फ आणि ट्राउट

प्रश्न : ट्राउट या माशासाठी मी १४ नंबरच्या गळावर टंगस्टन या जड धातूचा मणी आणि चंदेरी टिन्सेल (चकाकती पट्टी) वापरून निम्फ, म्हणजे पाण्यातल्या कीटकासारखे दिसणारे कृत्रिम आमिष, बांधतो. तिचे अंग जाड व गाठाळ होते, दोन-तीन माशांनंतर टिन्सेल सुटते आणि पाणी नितळ असले की मासे तिच्याकडे फिरकतही नाहीत. दोष माझ्या बांधणीत आहे की चकाकीत?

उत्तर : पहिल्या दोन तक्रारींचे मूळ बांधणीत आहे. शेपटीचे तंतू, वरून गुंडाळायची बारीक तार आणि टिन्सेल ही तिन्ही जर शेपटीच्या बुडाशीच अडकवली, तर तेथे तयार होणारा उंचवटा पुढे कितीही काळजी घेतली तरी झाकला जात नाही. म्हणून तंतू आणि तार मण्याच्या मागच्या कडेपर्यंत आणून गळाच्या दांडीवर सबंध लांबीत बसवावीत आणि बॉबिन (धाग्याचे रीळ धरणारे साधन) उलटी फिरवून धाग्याचा पीळ काढावा, म्हणजे धागा फितीसारखा सपाट पडतो. टिन्सेलची पट्टी मात्र मण्यालगत बांधावी. तिचे वेढे आधी शेपटीपर्यंत न्यावेत आणि त्याच वाटेने परत आणावेत. त्यानंतर तार विरुद्ध दिशेने चार-पाच वेढ्यांत गुंडाळली, की माशाच्या दातांनी पट्टी एखाद्या जागी कापली गेली तरी ती उलगडत नाही. वरून अतिनील प्रकाशात कडक होणाऱ्या रेझिनचा अगदी पातळ हात द्यावा.

सडपातळ अंगाचा आग्रह केवळ देखणेपणासाठी नाही. टंगस्टनची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १९.३ ग्रॅम, म्हणजे पितळेच्या दुपटीहून अधिक असते. पण अंग फुगीर असेल तर पाण्याचा रोध वाढतो आणि मण्याच्या वजनाचा लाभ बराचसा वाया जातो. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या जॉन बार यांनी १९९०च्या दशकात घडवलेल्या 'कॉपर जॉन' या निम्फचे अंग तांब्याच्या तारेचेच असल्यामुळे तिला चकाकी आणि वजन एकाच वस्तूतून मिळते. ही युक्ती मला फार मोलाची वाटते आणि आपणही ती एकदा करून पाहावी.

आता नितळ पाण्याविषयी. अशी निम्फ कोणत्याही एका कीटकाची हुबेहूब नक्कल नसते. वेगाने वाहणाऱ्या किंवा किंचित गढूळ पाण्यात, जेथे माशाला निर्णयासाठी क्षणभरच मिळतो, तेथे ती नजरेत भरावी एवढाच तिच्या चकाकीचा हेतू असतो. संथ, उथळ आणि पारदर्शक पाण्यात माशाला न्याहाळायला सवड मिळते, आणि तीच चकाकी त्याला बुजवते. तेथे १६ किंवा १८ नंबरचा, म्हणजे आणखी लहान गळ, फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या तंतूंचे तपकिरी अंग आणि मण्यामागे रंगीत धाग्याचे दोन-तीन वेढे एवढेच पुरेसे होते. स्थानिक नियमांनुसार एका दोराला दोन फ्लाय (अशी बांधलेली कृत्रिम आमिषे) चालत असतील, तर जड चकाकती निम्फ एक आणि तिच्यापासून साधारण ४० सेंटिमीटरवर अशी साधी दुसरी, ही जोडी मी पहिली निवडीन. पुष्कळदा पहिलीने लक्ष वेधले जाते आणि मासा दुसरीला तोंड लावतो.

तरीही, चकाकीला दोष देण्यापूर्वी खोली तपासावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तळाशी प्रवाह पृष्ठभागापेक्षा मंद असतो आणि ट्राउट बहुधा तेथेच विसावलेला असतो. वरचे वेगवान पाणी दोर ओढू लागले, की निम्फ उचलली जाते व प्रवाहाहून अधिक वेगाने सरकते, आणि असे सरकणारे भक्ष्य माशाला खरे वाटत नाही. फ्लाय प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकावी, टिपेट (दोराचा फ्लायला बांधलेला शेवटचा बारीक भाग) शक्य तितके बारीक ठेवावे, कारण ते पाणी चटकन कापते, आणि पृष्ठभागावरचा दोर हातभर उचलून धरावा. निम्फ अधूनमधून तळाला टेकत नसेल, तर रंग बदलण्याआधी मणी एक माप मोठा घ्यावा. मासा घास तोंडात घेऊन क्षणात थुंकतो. म्हणून दोर किंचित जरी थबकला, तरी तो दगड असेल असे न मानता काठीचे टोक हलकेच वर उचलावे.