पाठ दुखत असताना शर्यतीत गाडी चालवणं एवढं अवघड का? ड्रायव्हर तर बसूनच असतो ना?

तुमचा प्रश्न असा आहे: धाकटा भाऊ कार्टिंग करतो, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती, महिनाभर त्याची पाठ धरली आहे, तरी पुढच्या शर्यतीत उतरणारच म्हणतो. बसूनच तर चालवायचं आहे, आणि मोठमोठे ड्रायव्हर दुखापत घेऊन उतरतातच की, मग आपण त्याला अडवायचं कशाला?

मी शर्यतीचा ड्रायव्हर नाही. एकवीस वर्षं मालाची गाडी चालवली, बहुतेक कोल्हापूर ते मुंबई. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकली आणि गाडी सुटली. आमच्याकडे याला 'मणक्यात गॅप आला' म्हणतात. नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरला तेव्हापासून शर्यती बघतोय, आणि पाठ गेल्यापासून तर ड्रायव्हरच्या पाठीकडेच माझं जास्त लक्ष असतं. म्हणून लिहितोय.

आधी 'बसूनच तर असतो' याबद्दल. पाठीच्या माणसाला बसणं हेच सगळ्यात जड जातं. उभं राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्यांवर जेवढा दाब येतो, त्याहून जास्त दाब वाकून बसल्यावर येतो. मला कराडपर्यंत काही वाटायचं नाही. खंबाटकीच्या घाटात क्लच-ब्रेक सुरू झाला की डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कोणीतरी तापलेली तार ओढतंय असं व्हायचं. आणि मी साठच्या वेगाने जाणारा माणूस, गादीवर बसलेला, हवं तिथे गाडी बाजूला घेऊ शकणारा.

फॉर्म्युला वनच्या गाडीत ड्रायव्हर बसत नाही, जवळजवळ आडवा होतो. पाय वर, ढुंगण खाली. सीट त्याच्या अंगाच्या साच्यावरून बनवलेली आणि टणक, पट्टे इतके आवळलेले की कूस बदलायची सोयच नाही. जोरात ब्रेक दाबला की शरीराच्या वजनाच्या पाचपट जोर पुढे ओढतो, वळणावर जवळपास तेवढाच बाजूला. ते दीड तास, उन्हाळी शहरात, घामाने निथळत. रस्त्याचा प्रत्येक उंचवटा सीटमधून थेट माकडहाडाला लागतो, कारण त्या गाडीचं सस्पेन्शन दगडासारखं कडक ठेवलेलं असतं.

२०२२ च्या जूनची, अझरबैजानमधल्या बाकूची फॉर्म्युला वन शर्यत मिळाली तर बघा. लुईस हॅमिल्टन, सात वेळचा जगज्जेता, वय ३७. त्या वर्षी नियम बदलले होते आणि गाड्यांच्या तळाखाली हवेचे बोगदे आले होते. वेग वाढला की तळाखालची हवा जोरात पळते, तिथला दाब कमी होतो आणि गाडी जमिनीकडे ओढली जाते. ती फार खाली गेली की हवेची वाट कोंडते, ओढ तुटते, गाडी वर उसळते. वर आली की पुन्हा ओढ. सरळ रस्त्यावर, तीनशेच्या पुढच्या वेगात, सेकंदाला कित्येक वेळा हे चालू. पॉरपॉइज नावाच्या डॉल्फिनसारख्या प्राण्यावरून त्याला 'पॉरपॉइझिंग' म्हणतात. बाकूचा सरळ पट्टा दोन किलोमीटरहून लांब, आणि शर्यत ५१ फेऱ्यांची. हॅमिल्टनची मर्सिडीज टीमची गाडी त्यात सर्वात वाईट आपटणाऱ्यांपैकी होती.

हॅमिल्टन चौथा आला. गाडी थांबल्यावर त्याला उठताच येईना. कडेला हात टेकून, कमरेला हात लावून तो बाहेर आला, तो कसा आला ते मी आजही विसरलेलो नाही. घरातले म्हणाले, दमला असेल. मला त्याचा हात कुठे गेला ते दिसलं. मीही केबिनमधून तसाच उतरायचो, आधी दाराची कड धरून, मग एक पाय, मग थोडं थांबून दुसरा. अॅड्रेनालिनच्या जोरावर आणि दात आवळून शर्यत पुरी केली, असं तो नंतर म्हणाला. टीमचे प्रमुख टोटो वोल्फ यांनी रेडिओवरच त्याच्या पाठीबद्दल माफी मागितली. दुसऱ्या टीमचा ड्रायव्हर पियर गास्ली तर तेव्हा अवघ्या २६ वर्षांचा. प्रत्येक सत्राच्या आधी आणि नंतर आपल्याला मालिश लागतं आणि तिशीत हातात काठी घ्यायची नाही, असं तो त्याच आठवड्यात बोलला होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यात आहे. गाडीची उंची थोडी वाढवली की आपटणं कमी होत होतं. उपाय साधा होता आणि प्रत्येक टीमच्या हातात होता. पण उंची वाढवली की गाडी हळू होते, म्हणून कोणी वाढवत नव्हतं. ड्रायव्हरही मागत नव्हता, कारण शेजारचा मागत नव्हता. त्यात रेड बुल या प्रतिस्पर्धी टीमचे तेव्हाचे प्रमुख ख्रिश्चन हॉर्नर म्हणाले की मी मर्सिडीजच्या जागी असतो तर ड्रायव्हरांना रेडिओवर होईल तेवढी ओरड करायला सांगितलं असतं. म्हणजे दुखतंय म्हणणारा माणूस डाव खेळतोय, हा संशय होताच. शेवटी एफआयएने, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेने, पुढच्याच आठवड्यात कॅनडात ड्रायव्हरांच्या आरोग्याचं कारण देऊन हस्तक्षेप केला. गाडी किती उसळली तर चालेल याचं माप ठरलं, ते ऑगस्टमध्ये बेल्जियमपासून लागू झालं, आणि २०२३ साठी तळाच्या कडा १५ मिलिमीटर वर घेतल्या गेल्या. पंधरा मिलिमीटर. एवढ्यासाठी माणसं अर्धं वर्ष पाठ आपटून घेत होती, आणि त्यातल्या एकालाही आपणहून थांबता येत नव्हतं.

आता मोठे ड्रायव्हर उतरतातच, याबद्दल. हो, उतरतात. यात सगळ्यात वरचं नाव ब्रिटिश ड्रायव्हर नायजेल मॅन्सेलचं. १९७७ साली फॉर्म्युला फोर्ड या नवख्यांच्या शर्यतींमध्ये त्याची मान मोडली. डॉक्टरांनी सांगितलं, थोडक्यात वाचलास, मानेखालचं अंग लुळं पडलं असतं, आता महिनोन्महिने पडून राहा. तो इस्पितळातून स्वतःच बाहेर पडला आणि त्या वर्षीची ब्रिटिश फॉर्म्युला फोर्ड स्पर्धा जिंकला. १९७९ मध्ये आउल्टन पार्कला अपघात होऊन मणके मोडले. त्यानंतर लवकरच लोटस या फॉर्म्युला वनच्या टीमने त्याला फ्रान्समध्ये गाडी चालवून दाखवायला बोलावलं. आयुष्यभर वाट बघितलेली संधी. तो वेदनाशामक गोळ्या घेऊन, दुखापत लपवून गाडीत बसला. नोकरी मिळाली.

ते वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं. मालकाला पाठीचं कळू नये म्हणून मीही पट्टा शर्टाच्या आत बांधून, गोळी खाऊन गाडी काढायचो. गाडी सुटली तर घर कशावर चालायचं, हे ज्याला रोज दिसतं तो दुखणं लपवतो. यात शूरपणा किती आणि नाइलाज किती, हे मी आजही सांगू शकत नाही.

मॅन्सेलची सगळ्यात मोठी गोष्ट १९९३ ची. १९९२ ला तो फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला आणि लगेच अमेरिकेत इंडीकारच्या मालिकेत गेला. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात पहिलीच शर्यत, तीही जिंकली. दुसरी शर्यत एप्रिलमध्ये फिनिक्सला, एक मैलाच्या लंबगोल ट्रॅकवर. सरावात गाडी मागच्या बाजूने भिंतीवर आदळली आणि काँक्रीटच्या भिंतीला भोक पडलं. अशा ट्रॅकवरच्या धडकेत ड्रायव्हर रेलून पडलेला, धक्का मागून येतो, आणि तो सगळा पाठ घेते. ती शर्यत त्याला सोडावी लागली. पंधरा दिवसांनी लाँग बीचला तो पाठीत इंजेक्शनं घेऊन गाडीत बसला, पहिल्या क्रमांकावरून सुरुवात केली आणि तिसरा आला. त्यानंतर पाठीवर शस्त्रक्रिया झाली. मेअखेरीस इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांत पुन्हा तिसरा. मग चार शर्यती जिंकल्या, त्यातली एक चाळिसाव्या वाढदिवशी, आणि सगळ्या चारही तशाच लंबगोल ट्रॅकवर, जिथे त्याची पाठ गेली होती. सप्टेंबरमध्ये तो त्या मालिकेचा विजेता झाला.

हे वाचून कोणाचंही रक्त उसळेल. तुमच्या भावाचंही उसळलं असणार. पण त्याच मॅन्सेलचं १९८७ साल त्याला सांगा. त्या वर्षी त्याने सहा शर्यती जिंकल्या होत्या, नेल्सन पिकेने तीन. जगज्जेतेपदासाठी दोघांतच चुरस. जपानला सुझुकात पात्रता फेरीत मॅन्सेलची गाडी आदळली, मणक्याला मार बसला, आणि तो जपानलाही उतरला नाही, ऑस्ट्रेलियालाही नाही. जगज्जेता पिके. जो माणूस मोडक्या मानेने इस्पितळातून पळून आला होता, त्यालाही त्या वेळी पडून राहावं लागलं. हिंमत तीच होती. दुखापत वेगळी होती. उतरायचं की नाही हे माणसाच्या छातीवर ठरत नाही, मणक्यात नेमकं काय झालंय त्यावर ठरतं, आणि ते गाडीत बसलेल्याला आतून कळत नाही. शर्यतीच्या झिंगेत तर दुखणं जाणवतच नाही. ते गाडी थांबल्यावर येतं, बाकूला आलं तसं.

म्हणून मला डेनी हॅमलिनचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. अमेरिकेतल्या नॅसकारचा ड्रायव्हर. २०१३ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात फाँटानाला शेवटच्या फेरीत त्याची गाडी आतल्या भिंतीवर समोरून आदळली. त्या जागी धक्का शोषणारं कुंपण नव्हतं. कमरेचा पहिला मणका दाबला जाऊन मोडला. त्याला परत यायची घाई होती, पण डॉक्टर परवानगी देईनात. चार शर्यती गेल्या. मेमध्ये टॅलाडेगाला वाट निघाली ती अशी: नॅसकारमध्ये गुण सुरुवात करणाऱ्या ड्रायव्हरच्या नावावर जातात. हॅमलिनने सुरुवात केली, थोड्या फेऱ्यांनी पहिल्यांदा पिवळा झेंडा पडून सगळ्यांना वेग कमी करावा लागताच तो गाडीच्या छपरातल्या झडपेतून बाहेर आला आणि ब्रायन विकर्स आत बसला. पुढच्याच आठवड्यात डार्लिंग्टनला त्याने पूर्ण शर्यत चालवली आणि दुसरा आला. एवढा हट्टी माणूस, पण 'आता बस' म्हणणारा दुसरा कोणीतरी होता, आणि त्याचं ऐकावंच लागत होतं.

२०१६ ला फॉर्म्युला वनच्या फर्नांडो अलोन्सोचंही तेच झालं, फक्त पाठीऐवजी बरगड्या. मेलबर्नच्या अपघातानंतर तो बहारीनला पोहोचला, चालवायची तयारी होती, एफआयएच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं.

आता तुमचा भाऊ. कार्टला सस्पेन्शन नसतंच, हे तुम्हाला माहीत असेल. सीट सरळ सांगाड्याला बोल्ट केलेली. आमच्या कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथे मी पोरांना उतरताना बघितलंय. धडधाकट पोरं बरगड्या चोळत उतरतात. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला चार ते सहा हादऱ्यांना सगळ्यात जास्त थरथरतं, हे मला फिजिओथेरपीवाल्या ताईंनी समजावलं होतं. त्या बेतातले हादरे ट्रकच्या केबिनमध्येही असतात. महिनाभर धरलेल्या पाठीला ते झेपणार नाहीत.

त्याला अडवायचं की नाही, हे तुम्ही किंवा त्याने ठरवू नका. हाडांच्या डॉक्टरांकडे न्या आणि 'पाठ दुखते' एवढंच सांगू नका. तो कार्ट चालवतो, शर्यत कधी आहे, किती फेऱ्यांची आहे, सगळं सांगा. मी सहा महिने फक्त 'कंबर दुखते' म्हणत राहिलो आणि गोळ्या नेत राहिलो, गाडी चालवतो हे बोललोच नाही. कळ पायात उतरत असेल, अंगठा किंवा पाऊल वर उचलायला जड जात असेल तर या आठवड्यातच दाखवा. मांड्यांच्या मध्ये बधिर वाटत असेल, लघवी-संडासवरचा ताबा कमी झाल्यासारखं वाटत असेल, तर रात्र असली तरी त्याच क्षणी इस्पितळ गाठा, उद्यावर टाकू नका. आणि त्याला आज रात्री एकट्याला बसवून विचारा, पायात मुंग्या येतात का. सगळ्यांसमोर विचारलंत तर नाही म्हणेल. मीही नाहीच म्हणायचो.