अकरा वर्षं गाणं शिकूनही गुरूंची नक्कलच होते. स्वतःची गायकी कशी सापडेल?

तुम्ही लिहिलंय की वय सत्तावीस, तालीम अकरा वर्षांची, आणि परवाच्या बैठकीनंतर कुणीसं म्हणालं, "डोळे मिटले तर तुमचे गुरुजीच गातायत असं वाटलं." ते तुम्हाला लागलं. मला तर ती पावतीच वाटते. अकरा वर्षांनी निदान कुणासारखं तरी गाता येतंय!

मीही गायचो, आता पेटीची साथ करतो. आमच्या गुरुजींना दमा होता. लांब तान घेताना ते समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, दोन मात्रा आधी थांबायचे, श्वास घ्यायचे आणि मग मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, पकडायचे. ते थांबणं मला फार देखणं वाटायचं. मी तेविशीतला, रोज विहिरीत पोहणारा, छाती ठणठणीत. तरी नेमका तिथेच थांबायचो. सात वर्षांनी एका तबलजींनी चहा पिताना विचारलं, "तुम्हालाही दमा आहे का हो?"

तेव्हा लक्षात आलं, मी गुरुजींचा आवाज उचलला होता, विचार नाही. ते तिथे का थांबतात, अमुक स्वरावर का रेंगाळतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

या बाबतीत मला कुमार गंधर्व सारखे आठवतात. आज त्यांचं नाव स्वतंत्र गायकीसाठी घेतलं जातं, पण त्यांची सुरुवात नकलेचीच. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या हुबेहूब गाऊन लोकांना थक्क करायचा. मग मुंबईला गायनशिक्षक प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे आला. देवधर विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, पण अनेक घराण्यांच्या उस्तादांकडून बंदिशी, म्हणजे रागात बांधलेल्या रचना, जमवणारे. एकाच ठशात अडकवणारे नव्हेत. गायिका अंजनीबाई मालपेकरांकडेही कुमारजी शिकले. (पुढे किशोरीताई आमोणकरही अंजनीबाईंकडे शिकल्या. दोघांच्या गाण्यात काही म्हणता काही सारखं नाही, हेही ध्यानात घ्या.)

१९४७ मध्ये क्षय झाला. हवापालटासाठी ते देवासला गेले आणि काही वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर येत राहिली. त्या चार-पाच स्वरांच्या धुनांमध्ये त्यांना रागांची बीजं दिसली, आणि त्यातून मधसुरजा, सहेली तोडी, लगनगंधार असे धुनउगम राग आले. एक फुफ्फुस निकामी झालं म्हणून त्यांची गायकी तुटक, छोट्या फेकीची झाली, असं सर्रास सांगतात. मला ते अर्धंच पटतं. फुफ्फुसं पुष्कळांची गेली, लगनगंधार एकालाच सुचला. आजाराने त्यांना दिली ती सक्तीची उसंत. गळ्यावर चढलेलं तेच ते गायला बंदी, आणि कान मात्र मोकळे.

पुढे त्यांनी बालगंधर्वांची पदं गाण्याचा कार्यक्रम केला. त्याचं नाव बघा: 'मला उमजलेले बालगंधर्व'. लहानपणी जो मुलगा तबकडी जशीच्या तशी उतरवायचा, तो आता म्हणतो, मला जे उमजलं ते गातो. पदं बालगंधर्वांचीच, प्रेमही तेवढंच. तुम्ही ज्याला 'स्वतःची गायकी' म्हणताय ती मला या एका शब्दात दिसते, उमजलेले.

हे करायचं कसं, ते माझ्यापुरतं सांगतो. गुरुजींकडून आलेली एकच बंदिश घ्या. तिचं रेकॉर्डिंग सहा महिने ऐकू नका. आधी शब्द नुसते बोला, कुठे जोर पडतो ते बघा. मग फक्त तानपुऱ्यावर, ठेका न लावता, हळू गा. जिथे सवयीने एखादी जागा, म्हणजे स्वरांचं ठरलेलं वळण, येईल तिथे थांबा आणि विचारा, ही इथे का? उत्तर मिळालं तर ठेवा, गुरुजींची असली तरी. नाही मिळालं तर महिनाभर ती गाळून गा. आणि रागसंगीताबाहेरचं काहीतरी ऐका. ओव्या, भारुडं, जे घराजवळ असेल ते. मोबाईलवर टाकायच्या गाण्याच्या तीस सेकंदांच्या तुकड्यांचं म्हणाल, तर टाका खुशाल, पण ते बघून तालीम ठरवू नका. टाळीची जागा एकदा सापडली की गळा दर वेळी तिकडेच धावतो.

वयाची चिंता नको. कुमारजी आजारातून उठून पुन्हा मैफलीत बसले तेव्हा तिशीच्या जवळ आले होते.

एवढं मात्र करा, हे सगळं गुरूंना सांगून करा, चोरून नको. मी फार भीत भीत सांगितलं होतं की तुमच्या काही जागा सध्या सोडून बघतोय. गुरुजी बराच वेळ पान जमवत बसले. मग म्हणाले, "बाकीच्या ठेव हवं तर. दमा तेवढा माझा मला परत दे."