आठ गाणी तयार असताना अल्बम एकदम काढावा की एकेक गाणं?

आठ गाणी मास्टर होऊन हातात आहेत, येत्या शुक्रवारी अख्खा अल्बम एकदम काढायचा विचार आहे आणि पैसे भरून प्लेलिस्टमध्ये जागा घ्यावी का, असं तुम्ही विचारलं आहे. माझं स्पष्ट मत असं की तारीख निदान चार आठवडे पुढे न्या. बाकीचे बरेच प्रश्न त्यानंतर आपोआप सुटतील.

स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट निवडणाऱ्या संपादकांना गाणं सुचवायचं, म्हणजे पिच करायचं, तर ते प्रदर्शित होण्याआधीच करावं लागतं. गाणं बाहेर आलं की ती संधी गेली. प्रदर्शनाच्या निदान ७ दिवस आधी पिच केलं, तर संपादकांनी ते घेतलं नाही तरी तुमच्या फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’मध्ये, म्हणजे प्रत्येक श्रोत्यासाठी आपोआप बनणाऱ्या नव्या गाण्यांच्या यादीत, तेच गाणं जातं. पण हे ७ दिवस मोजायचे ते गाणं तुमच्या ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’ खात्यात दिसायला लागल्यापासून. तुम्ही डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे, फाइल चढवली त्या दिवसापासून नव्हे. मध्ये तपासणीत काही दिवस जातात, कव्हरवर एखादा संकेतस्थळाचा पत्ता राहिला म्हणून सगळं परतही येतं. येत्या शुक्रवारचा आग्रह धरलात तर हे दोन्ही हातचं जाईल.

दुसरं, पिच एका वेळी एकाच गाण्याचं करता येतं. आठ गाणी एकत्र काढली की सात गाणी कुणालाही न सांगता बाहेर पडतात. मला हे फार लागतं, कारण त्या प्रत्येक गाण्यामागे कुणाचे तरी महिने गेलेले असतात. म्हणून आधी तीन किंवा चार सिंगल, म्हणजे एकेकटी काढलेली गाणी, मध्ये पाच-सहा आठवड्यांचं अंतर, आणि शेवटी अल्बम, असा क्रम मी सुचवेन. आठही गाणी सलग ऐकली तरच अर्थ लागतो अशी रचना असेल, तर मात्र ती तोडू नका. अल्बमच काढा, आधी फक्त एक सिंगल येऊ द्या.

सिंगल नंतर अल्बममध्ये आणताना एक गोष्ट जिवापाड सांभाळा, ती म्हणजे आयएसआरसी. ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा हा १२ अक्षर-अंकांचा कोड. अल्बम चढवताना डिस्ट्रिब्युटरचा फॉर्म विचारतो की या गाण्याला आधीचा कोड आहे का. तिथे सिंगलचाच कोड भरायचा. रकाना रिकामा सोडला तर नवा कोड मिळतो आणि जमलेले स्ट्रीम, म्हणजे गाणं वाजल्याची मोजणी, अल्बममधल्या गाण्याला जोडले जाण्याऐवजी मोजणी शून्यापासून सुरू होते. ऑडिओ फाइल, शीर्षक आणि कलाकारांची नावंही तंतोतंत तीच ठेवा. डिस्ट्रिब्युटर बदलला तरी हाच नियम. काही डिस्ट्रिब्युटर दरवर्षी शुल्क घेतात आणि ते थांबलं की गाणी उतरवतात, काही एकदाच घेतात. हे पहिल्या सिंगलच्या आधीच वाचून घ्या.

शुक्रवारचं म्हणाल तर जुलै २०१५पासून जगभर नवं संगीत त्या दिवशी काढायची पद्धत आहे, आणि रिलीज रडारही शुक्रवारीच बदलतं. सोयीचा दिवस आहे, घ्या. त्यावर याहून जास्त विचार नको.

आता पैसे भरून प्लेलिस्ट. कळकळीने सांगतो, करू नका. गाणं ३० सेकंद वाजलं की स्पॉटिफायवर एक स्ट्रीम धरला जातो, आणि २०२४पासून मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसलेल्या गाण्याला तिथे ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. हा आकडा कसाही गाठावा असं वाटणं मी समजू शकतो. पण ‘इतके स्ट्रीम नक्की देतो’ अशी हमी कुणी देत असेल, तर तिथे बहुतेक वेळा माणसं ऐकत नसतात, यंत्रं वाजवत असतात. उघड बनावट स्ट्रीम सापडले तर स्पॉटिफाय लेबलला किंवा डिस्ट्रिब्युटरला दर गाण्यामागे दंड लावतं. तो तुमच्यावर येऊ शकतो, गाणं उतरू शकतं, खातंही जाऊ शकतं. ऐकणारी माणसं खरी असली तरी धोका राहतोच. गाणं पुढे कुणाला सुचवायचं हे यंत्रणा आधी ऐकणाऱ्यांवरून शिकते. झोपताना काहीतरी वाजत ठेवणाऱ्यांच्या यादीत तुमचं गाणं गेलं, तर पुढेही ते तशाच लोकांना सुचवलं जाणार.

त्यापेक्षा गाणं किती जणांनी सेव्ह केलं, किती जणांनी स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये घेतलं, एक श्रोता सरासरी किती वेळा परत आला, हे पाहत जा. दोनशे श्रोत्यांतले चाळीस जण सेव्ह करत असतील तर त्या गाण्यात जीव आहे. जाहिरातीवर खर्च करायचाच असेल तर अशा गाण्यावर करा, आणि तोही प्रदर्शनानंतर, आकडे दिसल्यावर.

हक्कांचं काम तारीख ठरवण्याआधी उरका. गीतकार, संगीतकार, वादक, निर्माता यांच्यात कुणाचा किती वाटा हे टक्केवारीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. गाणं चालायला लागल्यावर हे बोलणं फार अवघड होतं. डिस्ट्रिब्युटरकडून मिळतात ते ध्वनिमुद्रणाचे पैसे. रचनेचे, म्हणजे शब्द आणि चालीचे, वेगळे असतात आणि त्यासाठी गीतकार-संगीतकारांनी आपापल्या देशातल्या कॉपीराइट संस्थेकडे नोंदणी करायची असते. बीट, म्हणजे गाण्याखालचं तयार संगीत, लीजवर (इतरांनाही तीच मिळेल अशा भाडेकरारावर) घेतली असेल तर यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे व्हिडिओंमधलं गाणं ओळखून हक्क सांगणाऱ्या यंत्रणेत, गाणं घालू नका, तीच बीट घेतलेल्या इतरांच्या व्हिडिओंवर तुमचे दावे लागतील.

पहिलं गाणं कुठलं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला त्याचं महत्त्व जास्त वाटतं. आठांतलं सगळ्यात भक्कम गाणं पहिलं काढू नका. तुमचा आवाज आणि बाज चटकन ओळखू येईल असं एखादं पुढे करा. त्यातून थोडे फॉलोअर्स जमतील, आणि दुसऱ्या सिंगलच्या वेळी रिलीज रडार ज्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी माणसं तयार असतील. भक्कम गाणं तेव्हा काढा.