राणीचे अश्रू

प्रश्न: फिलिपाईन्समधल्या सेबूचा राजा हुमाबोन स्पेनतर्फे आलेल्या मॅगेलन या दर्यावर्द्याला भेटून लगेच ख्रिश्चन झाला, ते मनापासून का? (एक वाचक, चोपडा)

उत्तर: भाऊ, राजाचा तरी हिशोबच दिसतो. ७ एप्रिल १५२१ला मॅगेलन सेबूत आला न १४ला बाप्तिस्मा, राजाचं नाव कार्लोस, राणीचं हुआना, वर मॅगेलनकडून शत्रूंविरुद्ध मदतीचा शब्द. २७ला शेजारच्या मॅक्तान बेटावरच्या लढाईत मॅगेलनच मेला, मग १ मेला हुमाबोनने त्याच्या माणसांना जेवायला बोलावून मारलं.

राणीचं मात्र मला खरं वाटतं, बाळ येशूची लाकडी मूर्ती बघून ती रडली असं मॅगेलनसोबत आलेल्या पिगाफेट्टाने लिहिलंय. १५६५मध्ये स्पॅनिश परत आले तेव्हा तिथल्या एका घरात पेटीत बाळ येशूची मूर्ती सापडली, तीच ही असं मानतात, न आपण खानदेशात कानबाई देवीला सजवतो तसं तिलाही आजवर कपडे-दागिने घालून सजवतात.