रोझरी म्हणताना पूर्वीसारखं मन लागत नाही, म्हणजे श्रद्धा कमी झाली का?

तुम्ही लिहिलंय की लहानपणापासून रोझरी (मारियेची जपमाळ) आणि मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) नेमाने चालू आहे, पण अलीकडे ओठ चालतात नि मन कोरडं राहतं. पूर्वी डोळे भरून यायचे, आता काहीच होत नाही. इतर प्रापंचिकांची प्रार्थना वयानुसार कशी बदलते, आणि हे असं होणं म्हणजे घसरण समजायची का, असं तुम्ही विचारताय. मी ईशज्ञानाची अभ्यासक नाही, संसार आणि नोकरी सांभाळून प्रार्थना करणारी बाई आहे. पण हा कोरडेपणा मला चांगलाच ओळखीचा आहे, म्हणून लिहिते.

तरुणपणी माझी प्रार्थना म्हणजे मुख्यतः मागणं. परीक्षेसाठी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), नोकरीसाठी नोव्हेना, घरातल्या आजारपणासाठी नवस. त्याला कुणी कमी लेखू नये. ‘मागा म्हणजे तुम्हाला दिले जाईल’ हे खुद्द येशूने सांगितलं आहे, आणि मागता मागताच माणूस देवाशी बोलायला शिकतो. तेव्हा गोडीही खूप असायची. आराधनेला बसलं की उठावंसं वाटत नसे.

मुलं झाल्यावर ही सगळी घडी विस्कटली. पहाटेची शांतता गेली, बायबल उघडलं की आतून रडण्याचा आवाज. त्या काळात मला संत फ्रान्सिस दि सेल्स यांचा मोठा आधार वाटला. ते स्वतः बिशप, पण 1609 मध्ये त्यांनी संसारी लोकांसाठी भक्तिजीवनाचं पुस्तक लिहिलं आणि त्यात स्पष्ट म्हटलं की मठवाशाची भक्ती संसारी माणसाने अंगावर घेऊ नये. ज्याची जशी जबाबदारी, तशी त्याची भक्ती. मग कपडे वाळत घालताना एखादी ‘नमो मारिया’ (मारियेला केलेली छोटी प्रार्थना), झोपताना दिवसाची उजळणी, एवढ्यावरच ती वर्षं गेली. ती उजळणी मात्र सोडू नये. आज कुठे देव जवळ होता, कुठे मी पाठ फिरवली, हे रोज पाहायची सवय येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी घालून दिली आहे. धावपळीच्या माणसाला तिच्याइतकी सोयीची प्रार्थना मला तरी माहीत नाही.

आता तुमच्या कोरडेपणाबद्दल. आविलाच्या संत तेरेसा (1515–1582) म्हणजे प्रार्थनेच्या गुरू. त्यांनीच लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर त्यांचं लक्ष घड्याळाच्या टोल्याकडे असायचं, तास कधी संपतो म्हणून. प्रार्थना म्हणजे बागेला पाणी देणं, असं त्या म्हणतात. आधी विहिरीतून बादलीने शेंदायचं, मग रहाट, मग ओढा, आणि शेवटी पाऊस, जो आपल्या हातात नाही. पहिल्या प्रकारात कधीकधी विहीरच आटलेली असते, तरी माळ्याने आपलं काम सोडू नये, असं त्यांचं सांगणं आहे.

त्यांचे सहकारी क्रूसाचे संत योहान आणखी बारकाईने सांगतात. देव माणसाला पुढे नेत असतो, तेव्हा त्याला जुन्या पद्धतीच्या चिंतनात रस उरत नाही. पण जगातल्या दुसऱ्या कशातही मन रमत नाही, आणि आपण मागे पडतोय की काय ही चिंता सतत पोखरत राहते. ज्याची श्रद्धा नुसती कोमट झाली आहे, त्याला ही चिंता नसते. तुम्हाला ती आहे, म्हणून तर तुम्ही विचारताय! नैराश्य किंवा प्रकृतीची कुरबूर यांतूनही असाच कोरडेपणा येऊ शकतो, हेही योहान बजावतात. झोप उडाली असेल, कशातच जीव लागत नसेल, तर डॉक्टरांनाही दाखवा. त्यात अश्रद्धा नाही.

माझ्यात सगळ्यात मोठा बदल झाला तो स्तोत्रांमुळे. ख्रिस्तसभेची तासांची प्रार्थना, म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या वेळी म्हणायची स्तोत्रं, धर्मगुरू आणि व्रतस्थांचीच, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. पण कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात प्रापंचिकांनाही ती म्हणायला सुचवलं आहे. मी फक्त रात्रीची घेतली. तिच्यात शुक्रवारी 88 वं स्तोत्र येतं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे आशेकडे वळतात, हे वळत नाही. मित्र दुरावले आणि सोबतीला अंधार उरला, इथेच संपतं. एका शुक्रवारी घरात आनंदाची बातमी आली होती, आणि माझ्या तोंडी हे शब्द. म्हणवत नव्हतं, खोटं वाटत होतं. मग लक्षात आलं की आज रात्री हे शब्द कुणाचे तरी खरे आहेत. कुणीतरी रुग्णालयात पडलंय, कुणी तुरुंगात, आणि त्याच्यात प्रार्थना करायचं बळ नाही. माझ्या तोंडून ती त्याची प्रार्थना होतेय. त्यानंतर ‘मला काय वाटलं’ या प्रश्नाचं महत्त्व माझ्यापुरतं फार कमी झालं. मिस्साचंही तसंच. मन भरून आलं नाही तरी ख्रिस्ताचं अर्पण पुरं होतंच, आणि मी त्यात असते.

रोझरीबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय. लिझ्यूच्या संत तेरेसा (आविलाच्या तेरेसांहून वेगळ्या), ज्यांना 1997 मध्ये ख्रिस्तसभेच्या आचार्य, म्हणजे शिकवणीसाठी मान्यता मिळालेल्या संत, घोषित केलं, त्यांनाही एकटीने रोझरी म्हणणं फार जड जायचं. मन अगदी कोरडं असलं की त्या ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ अगदी सावकाश म्हणत. तुम्हीही काही दिवस पूर्ण माळेऐवजी एकच रहस्य (येशू-मारियेच्या जीवनातला एक प्रसंग आणि त्यासोबतच्या दहा ‘नमो मारिया’) घ्या, हळूहळू म्हणा. दर ‘नमो मारिया’ला एकेका माणसाचं नाव मनात आणा. वेळ मात्र ठरलेलीच ठेवा, कोरडं वाटतंय म्हणून कमी करू नका. मन उदास असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, हा इग्नेशियस यांचा नियम इथे तंतोतंत लागू पडतो. आणि एकदा एखाद्या जाणत्या फादरांशी किंवा सिस्टरांशी निवांत बोला, पापनिवेदनाच्या घाईत नको, वेगळी वेळ मागून घ्या.